ग्रोमेट बसवल्यानंतर: पाणी, थेंब आणि राहून जाणारी तपासणी

ग्रोमेटची शस्त्रक्रिया दहा-पंधरा मिनिटांत आटोपते. मुलाला भूल द्यायची, सूक्ष्मदर्शकाखाली कानाच्या पडद्याला छोटा छेद घ्यायचा, मागे साचलेला चिकट द्राव ओढून काढायचा आणि त्या छेदात जेमतेम सव्वा मिलिमीटर भोकाची नळी, म्हणजेच ग्रोमेट, अडकवायची. बहुतेक मुलं त्याच दिवशी घरी जातात. पुढे सहा महिने ते दीड वर्ष ही नळी पडद्यात राहते आणि तेवढा सगळा काळ तो कान सांभाळायचा असतो घरच्यांनी. शीवच्या किंवा परळच्या रुग्णालयातून मूल अँटॉप हिलच्या सरकारी वसाहतीत, कोकरी आगारच्या किंवा संगम नगरच्या एखाद्या खोलीत परततं, तेव्हा आईच्या मनात दोनच सूचना पक्क्या बसलेल्या असतात: कानात पाणी जाऊ द्यायचं नाही आणि थेंब घालायचे. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत या दोन्ही सूचना संशोधकांनी तपासून पाहिल्या, आणि दोन्हींचा ठामपणा थोडा उतरला. त्यांतलं काय टिकलं, काय बदललं आणि मुंबईतल्या घरांपुरतं काय अजून कोणी तपासलेलंच नाही, याचा हा आढावा.

नळीपर्यंतचा रस्ता

नाकाच्या मागच्या भागातून मध्यकर्णापर्यंत एक बारीक वाट जाते, तिला कंठकर्णनलिका म्हणतात. मोठ्यांमध्ये ती तिरकी असते, लहान मुलांमध्ये आखूड आणि जवळजवळ आडवी. सर्दी झाली, नाकामागच्या गाठी म्हणजे अ‍ॅडेनॉइड सुजले की ती बंद होते, मध्यकर्णातली हवा शोषली जाते आणि तिथे द्राव साचतो. दुखणं फारसं नसतं, म्हणून लक्षात येत नाही. ऐकू मात्र साधारण २५ डेसिबलने कमी येतं. मूल टीव्हीचा आवाज वाढवतं, पाठमोरं असलं तर हाकेला ओ देत नाही, आणि वर्गात ‘लक्ष नसतं’ म्हणून बोलणी खातं. बहुतेकांचा द्राव तीनेक महिन्यांत आपोआप ओसरतो. ज्यांचा ओसरत नाही, त्यांच्यासाठी नळीचा विचार होतो.

पडद्याला भोक पाडून ऐकू येणं सुधारतं, हे लंडनच्या अ‍ॅस्टली कूपर यांनी १८०१ मध्ये मांडलं. अडचण अशी की हे भोक काही दिवसांत बुजतं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात व्हिएन्नाच्या अ‍ॅडम पोलिट्झर यांनी त्यात रबराची नळी बसवून पाहिली, पण ती पद्धत रुळली नाही. १९५४ मध्ये अमेरिकेतल्या बेव्हर्ली आर्मस्ट्राँग यांनी प्लॅस्टिकची नळी वापरल्याचं प्रसिद्ध केलं आणि त्यानंतरच्या दोन-तीन दशकांत पाश्चात्त्य देशांत लहान मुलांवर सर्वाधिक होणाऱ्या शस्त्रक्रियांमध्ये ग्रोमेट जाऊन बसलं.

मग प्रश्न सुरू झाले. २००१ पासून पिट्सबर्गच्या जॅक पॅरडाइज व सहकाऱ्यांनी मालिकेने निष्कर्ष दिले: तीन वर्षांखालच्या मुलांना लगेच नळी बसवली काय किंवा काही महिने थांबून, गरज उरली तरच बसवली काय, बोलणं, भाषा, बुद्धी यांत पुढे फरक दिसला नाही. ब्रिटनमधल्या टार्गेट चाचणीत नळीचा फायदा मुख्यतः पहिल्या काही महिन्यांत दिसला. अ‍ॅडेनॉइडही काढले तर तो जास्त टिकला. २०२१ मध्ये अलेहांद्रो होबरमन यांच्या चाचणीत, वारंवार कान दुखणाऱ्या लहानग्यांमध्ये नळीमुळे दुखण्याचं प्रमाण म्हणण्यासारखं घटलं नाही. वर्षाला दर मुलामागे १.४८ वेळा विरुद्ध १.५६ वेळा. दुसरीकडे, तोंडातून स्टेरॉइड देण्याचा उपयोग नगण्य असल्याचं २०१८ मध्ये वेल्स आणि इंग्लंडमधल्या चाचणीने दाखवलं. नाकाने फुगा फुगवण्याच्या साध्या उपायाला २०१५ मध्ये मर्यादित पण खरं यश मिळालं.

यातून आजची भूमिका घडली. दोन्ही कानांत तीन महिने द्राव आहे आणि तपासणीत ऐकू कमी येतंय, अशा मुलाला नळी सुचवावी. नुसत्या एकदोन दुखण्यांवर नाही. अमेरिकन कान-नाक-घसा अकादमीचं २०१३ चं मार्गदर्शन आणि त्याची २०२२ ची सुधारित आवृत्ती साधारण हेच सांगतात. ब्रिटनमधल्या नाइस या संस्थेनेही २०२३ च्या मार्गदर्शनात थांबून पाहणं, श्रवणयंत्र आणि नळी असे पर्याय पालकांसमोर ठेवले आहेत. टाळू दुभंगलेल्या आणि डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांचा विचार वेगळा करावा लागतो, कारण त्यांच्यात द्राव पुन्हा पुन्हा साचतो.

नळी बसवण्याचं मुख्य कारण ऐकू येणं हे असेल, तर नंतरच्या काळजीचं यश कशावरून ठरवायचं? कान कोरडा राहिला यावरून, की मुलाला नीट ऐकू आलं यावरून? पुढचे बरेच मतभेद या प्रश्नापाशी येऊन थांबतात.

पाण्याची धास्ती

पडद्याला भोक आहे, त्यातून पाणी आत जाईल, पाण्याबरोबर जंतू जातील, कान वाहू लागेल. तर्क इतका सरळ आहे की कित्येक वर्षं तो कोणी तपासलाच नाही. नळी असेपर्यंत पोहणं बंद आणि अंघोळीला कानात बोळे, हा जगभरचा नियम होता.

२००५ मध्ये पिट्सबर्गच्याच गोल्डस्टीन व सहकाऱ्यांनी २०१ मुलांवर तो तपासला. एका गटाला पोहताना आणि अंघोळीला कानात प्लग, दुसऱ्या गटाला काहीच नाही. प्लग वापरणाऱ्यांपैकी ४७ टक्के मुलांचा कान एकदा तरी वाहिला, न वापरणाऱ्यांपैकी ५६ टक्क्यांचा. फरक होता, पण बारीक. एका मुलाचं एक वेळचं कान वाहणं टाळायला सरासरी २.८ वर्षं प्लग घालावे लागतील, असा हिशेब निघाला. नळी तर बहुधा त्याच्या निम्म्या काळातच गळून पडते. २०१६ च्या कॉक्रेन आढाव्यात अशा दोनच चाचण्या हाती लागल्या आणि दोन्हींवरून फार ठाम काही म्हणता येत नाही, असं आढावाकारांनी स्पष्ट लिहिलं. अमेरिकन अकादमीने मात्र २०१३ मध्येच सरसकट पाणीबंदी नको, अशी भूमिका घेतली आणि २०२२ मध्ये ती कायम ठेवली.

याच्या उलट बाजूलाही आधार आहे. जखम भरेपर्यंतचे सुरुवातीचे दिवस कान कोरडा ठेवावा, याबद्दल फारसा वाद नाही. सूर मारणं किंवा खोल पाण्यात जाणं टाळावं, यालाही बहुतेकांची मान्यता आहे, कारण खोलीबरोबर दाब वाढतो. ज्या मुलाचा कान आधीच वारंवार वाहतो किंवा ज्याची प्रतिकारशक्ती कमी आहे, त्याला बोळे लावावेत हे सावध मतही मार्गदर्शनात नोंदलेलं आहे. शिवाय अनेक सर्जनांचं म्हणणं असं की कापसाचा बोळा लावण्यात तोटा काही नाही, मग का लावू नये? तोटा अगदीच नाही असं म्हणता येत नाही. मूल वर्षभर पाण्यापासून लांब ठेवलं जातं, केस धुण्याची भीती बसते, आणि पोहण्याच्या वयात पोहणं राहून जातं.

आता हे सगळं आपल्या घरात आणून पाहू. या चाचण्या झाल्या त्या टब, शॉवर आणि क्लोरीन घातलेल्या तलावांच्या देशात. आपल्याकडचं मूल मोरीत पाटावर बसतं. आई एका हाताने हनुवटी धरते आणि दुसऱ्या हाताने डोक्यावर तांब्या ओतते. पाणी कपाळावरून, कानशिलावरून धारेने येतं आणि बरोबर शाम्पूचा किंवा साबणाचा फेस असतो. साधं पाणी एवढ्या बारीक भोकातून सहज आत शिरत नाही, पृष्ठताण त्याला अडवतो. साबणाने तो ताण कमी होतो आणि पाणी आत उतरायला सोपं होतं. म्हणजे पोहण्यापेक्षा डोक्यावरून ओतलेलं साबणाचं पाणी जास्त जपायला हवं, असं मानायला कारण आहे. पण तांब्याने होणाऱ्या अंघोळीवर नेमकी चाचणी माझ्या वाचनात नाही. तोवर व्यवहाराची रीत एवढीच सुचवता येते: केस धुताना मुलाचं डोकं मागे झुकवून पाणी कपाळापासून मागच्या बाजूला ओतावं, कापसाच्या छोट्या बोळ्याला बाहेरून व्हॅसलिन चोळून तो कानाच्या तोंडाशी ठेवावा, आत खुपसू नये, आणि अंघोळ झाली की लगेच काढून टाकावा. ओला बोळा तसाच राहिला तर त्याचा त्रासच जास्त. नंतर टॉवेलचं टोक बाहेरच्या पाळीला फिरवलं की पुरे.

पावसाळ्याचा विचार वेगळा. गांधी मार्केट किंवा हिंदमाता तुंबतं तेव्हा रस्त्यावरच्या त्या पाण्यात गटाराचंही पाणी मिसळलेलं असतं. त्यात खेळणारं मूल कान सोडूनही कितीतरी आजारांना तोंड देत असतं. विहिरी, नद्या, तळी यांच्या पाण्याबद्दल सावध राहावं हे आंतरराष्ट्रीय मतही सांगतं. मे महिन्यात गावी विहिरीवर जाणाऱ्या मुलाला आणि विसर्जनाच्या दिवशी चौपाटीवर पाण्यात उतरणाऱ्या मुलाला ते लागू पडतं. शिवाजी पार्कच्या महात्मा गांधी जलतरण तलावासारखं क्लोरीन घातलेलं पाणी मात्र त्या चाचण्यांतल्या परिस्थितीच्या सर्वांत जवळचं आहे. जखम भरल्यावर आणि डॉक्टरांनी पाहिल्यावर, सूर न मारता तिथे पोहायला हरकत नसावी, असं उपलब्ध पुराव्यावरून म्हणता येतं. सगळं पाणी सारखंच धोक्याचं असं सांगण्याऐवजी हा भेद पालकांना सांगितला, तर त्यांची अर्धी चिंता कमी होईल असं मला वाटतं.

कोणते थेंब, केव्हा

थेंबांचा मुद्दा पाण्याहून गुंतागुंतीचा आहे, कारण आपल्याकडे थेंब मेडिकलमधून चिठ्ठीशिवायही सहज मिळतात.

पहिला प्रश्न शस्त्रक्रियेनंतर लगेचच्या दिवसांचा. दोन-तीन दिवस किंचित लालसर पाणी येणं स्वाभाविक आहे. तीन ते सात दिवस प्रतिजैविकाचे थेंब घालायला सांगण्याची पद्धत सर्वत्र होती. २०१३ च्या कॉक्रेन आढाव्यात असं दिसलं की शस्त्रक्रियेच्या वेळीच कान सलाइनने धुणं किंवा एकदाच थेंब घालणं बऱ्याच मुलांना पुरतं. २०२२ मध्ये अमेरिकन अकादमीने घरी सरसकट थेंब देऊ नयेत असं सुचवलं. ज्यांच्या कानात शस्त्रक्रियेच्या वेळी पू होता त्यांच्यासाठी थेंब राहिलेच. अनेक सर्जन अजूनही काही दिवसांचे थेंब देतात. नळी सुरुवातीलाच रक्ताने किंवा द्रावाने बुजू नये, हा त्यामागचा विचार आणि तो अवाजवी नाही.

दुसरा प्रश्न पुढे कधीतरी कान वाहू लागला तर काय, हा. नळी असलेल्या मुलांपैकी बऱ्याच जणांचा कान कधी ना कधी वाहतो, बहुधा सर्दीच्या मागोमाग. इथे पुरावा दुर्मीळ म्हणावा इतका स्वच्छ आहे. नेदरलँड्समध्ये व्हान डोंगेन व सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये २३० मुलांवर तीन पर्यायांची तुलना केली. दोन आठवड्यांनी, प्रतिजैविक व स्टेरॉइडचे थेंब घेतलेल्यांपैकी फक्त ५ टक्के मुलांचा कान वाहत होता. तोंडाने अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट घेतलेल्यांपैकी ४४ टक्क्यांचा आणि नुसतं थांबून पाहिलेल्यांपैकी ५५ टक्क्यांचा. ताप नाही, मूल खेळतंय आणि फक्त कान वाहतोय, तर तोंडाची प्रतिजैविकं टाळून थेंब वापरावेत, ही शिफारस या निष्कर्षांशी जुळते. तरीही कान वाहिला की सिरप हवंच, अशी अपेक्षा घराघरांत आहे.

तिसरा प्रश्न कोणते थेंब, हा. निओमायसिन, जेंटामायसिन, फ्रामायसेटिन या गटातली औषधं आतल्या कानात पोचली तर श्रवणपेशींना इजा करू शकतात. पडद्याला भोक असताना ती टाळावीत, असं २००४ मध्ये अमेरिकन तज्ज्ञगटाने सुचवलं. ब्रिटिश कान-नाक-घसा तज्ज्ञांचं २००७ चं मत मवाळ होतं: उघड जंतुसंसर्ग असेल तर दोन आठवड्यांपर्यंत ती चालतील, कारण न उपचारलेला पूही ऐकू येणं बिघडवतो. आज सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा ऑफ्लॉक्सासिनचे थेंब निवडले तर हा धोका उरत नाही, म्हणून बहुतेकांचा कल तिकडे आहे. मात्र २०१७ मध्ये अमेरिकेतल्या विमा-नोंदींच्या अभ्यासात या गटाच्या थेंबांनंतर पडद्याचं भोक टिकून राहण्याचं प्रमाण थोडं जास्त दिसलं. तो निरीक्षणाचा अभ्यास होता, कारण-परिणाम सिद्ध झालेला नाही. प्रश्न उघडाच आहे.

आपल्या बाजारात बुरशीनाशक, बधिर करणारं औषध, स्टेरॉइड आणि प्रतिजैविक हे चारही एकाच बाटलीत मिळतात. मळ मऊ करण्याचे थेंबही शेजारीच ठेवलेले असतात. नळी असलेल्या कानात मळाचे थेंब घालू नयेत, याबद्दल दोन मतं नाहीत. आणि थेंब आठवड्याहून जास्त दिवस चालू राहिले, त्यात पावसाळ्याची दमट हवा आली, की कानात बुरशी वाढते. त्यावर पुन्हा तेच थेंब दिले जातात.

थेंब घालण्याची रीतही शिकवायला हवी. बाटली आधी मुठीत धरून कोमट करावी, नाहीतर गार औषधाने मुलाला चक्कर येते. कान वाहत असेल तर टिश्यूची वात करून बाहेरचा स्राव टिपावा. मुलाला कुशीवर झोपवून थेंब सोडावेत आणि मग कानापुढची कूर्चा चार-पाच वेळा हलक्या हाताने दाबावी, म्हणजे औषध नळीतून आत जातं. दोन-चार मिनिटं त्याच कुशीवर ठेवावं. ही दाबायची पायरी गाळली तर औषध पडद्याबाहेरच राहतं, आणि मग ‘थेंबांनी काही झालं नाही’ असं म्हणायची वेळ येते.

घरातले उपाय

तान्ह्या बाळाच्या कानात तेल घालण्याची परंपरा आपल्याकडे इतकी रुजलेली आहे की नळी बसवल्यावरही आजी विचारतातच, ‘दोन थेंब कोमट खोबरेल घातलं तर?’ प्रेमापोटी विचारतात. त्यांना हे नीट सांगायला हवं की पडदा अखंड असताना तेल बाहेरच राहत होतं, आता ते थेट मध्यकर्णात जाईल किंवा नळी चिकटवून बंद करेल. लसूण घालून तापवलेलं तेल तर नकोच. कापूसकाडी, केसातली पिन, आणि फोर्ट परिसरात अजूनही दिसणारे कान साफ करणारे, या सगळ्यांपासून हा कान लांब ठेवावा. तज्ज्ञांचा याबाबत एकच सूर आहे, म्हणून इथे जास्त थांबत नाही.

ऐकू येतंय का?

शस्त्रक्रियेनंतर काही मुलं दोन-चार दिवस दचकतात. कुकरची शिट्टी, भांडी पडल्याचा आवाज, ढोल-ताशा त्यांना नवीनच वाटतो. ही चांगली खूण आहे, पण आवाज अंगवळणी पडायला त्यांना थोडी मुभा द्यावी. लगेच लालबागच्या गर्दीत खांद्यावर बसवून नेऊ नये. गावी जाताना कसाऱ्याच्या घाटात कानाला दडे बसण्याची भीती मात्र उरत नाही, कारण नळी चालू असेपर्यंत दोन्हीकडचा दाब सारखा राहतो.

पहिली तपासणी तीन महिन्यांच्या आत व्हावी, मग नळी पडेपर्यंत अधूनमधून, आणि पडल्यावर एकदा. हे मार्गदर्शन स्पष्ट आहे. नळी चालू आहे का, बुजली आहे का, ऐकू येण्याची पातळी किती, हे त्यात कळतं. दाट पिवळा किंवा रक्तमिश्रित स्राव, दुर्गंधी, आठवडाभर थेंब घालूनही थांबत नाही असं वाहणं, किंवा पुन्हा ऐकू कमी येणं, यांपैकी काही दिसलं तर तारखेची वाट पाहू नये. नळी पडल्यावर एक-दोन टक्के मुलांच्या पडद्याला भोक राहतं. जास्त काळ राहणाऱ्या टी आकाराच्या नळ्यांमध्ये हे प्रमाण कितीतरी पट आहे.

कागदावर सरळ वाटणारी हीच पायरी प्रत्यक्षात सर्वांत आधी निसटते. कान दुखत नाही, वाहत नाही, मूल बोलतंय. मग ओपीडीच्या रांगेसाठी एक दिवसाची मजुरी कशाला घालवायची, असं आई-बापांना वाटणं अगदी समजू शकतं. अँटॉप हिलहून शीवचं टिळक रुग्णालय जवळ आहे, परळचं वाडिया बालरुग्णालय फार लांब नाही, श्रवणतपासणीसाठी वांद्र्याला १९८३ पासून अली यावर जंग संस्था आहे. तेव्हा अंतराइतकाच वेळेचा आणि कारण पटण्याचा प्रश्न आहे. ग्रोमेटनंतरच्या काळजीवर बोलताना पाण्याला जितकी जागा मिळते, त्याच्या निम्मी जरी या तपासणीला मिळाली तरी मुलांच्या ऐकण्याचं जास्त भलं होईल, असं माझं स्पष्ट मत आहे.

अजून सुटायचं आहे ते

तांब्याच्या अंघोळीचा प्रश्न वर आला. दुसरा पावसाळ्याचा: दमट हवेत कान वाहण्याचं आणि बुरशीचं प्रमाण किती वाढतं, आणि त्यामुळे शस्त्रक्रिया पावसाळ्यानंतर ढकलावी का? काही जण ढकलतात. तेवढे महिने मूल कमी ऐकत शाळेत बसतं, ही त्याची किंमत. तिसरा प्रश्न दोन-तीन वर्षं उलटूनही न पडलेल्या नळीचा. ती काढायला पुन्हा भूल द्यावी लागते, ठेवली तर भोक राहण्याचा धोका वाढतो. नेमकं कधी काढावी यावर एकमत नाही. टाळू दुभंगलेल्या मुलांमध्ये टाळूच्या शस्त्रक्रियेच्या वेळीच नळी बसवावी की ऐकू येण्यावर लक्ष ठेवून थांबावं, याबद्दलही मतं विभागलेली आहेत.

आणि शेवटचा, व्यवस्थेचा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात २०१३ मध्ये पालघरमधून झाली. त्याच्या यादीत कानाचा संसर्ग आणि बहिरेपणा दोन्ही आहेत. त्याच्या तपासणी पथकांनी अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा जावं अशी रचना आहे. हा कार्यक्रम दोष शोधून मुलाला रुग्णालयात पाठवण्यासाठी उभा राहिला. शस्त्रक्रिया होऊन परत आलेल्या मुलाचा कान त्याच पथकाने शाळेत पुन्हा पाहावा, नळी बुजली असेल तर तिथूनच पुढची चिठ्ठी द्यावी, असं करता येईल का? त्यासाठी पथकाकडे कान पाहण्याचं उपकरण आणि ते वापरायचं प्रशिक्षण लागेल, आणि रुग्णालयाने ग्रोमेट बसवलेल्या मुलांची नावं शाळेपर्यंत पोचवावी लागतील.